शोषखड्ड्याचं पाणी

वसतिगृह, खोली क्र. १४
४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

इथलं सगळं ठीक. खोलीतली जोडीदारीण भूगर्भशास्त्राची. तिच्या पलंगाखाली दगड, माझ्या पलंगाखाली रबरी हातमोजे. केर काढणाऱ्या मावशी विचारतात, की तुम्ही शिकायला आलात की घर बांधायला. घातक कचऱ्याच्या आमच्या वर्गात नऊच जण आहोत. पहिला महिना मॅडमनी एकच गोष्ट घोकून घेतली: माल आला की आधी त्यावर चिठ्ठी लावायची, मगच हात लावायचा. आपल्या आवारात कारखान्याचं रिकामं पिंप धुवायला आलं की पहिलं काम चिठ्ठी खरवडायचं. मी वर्गात हे बोलले नाही.

आता कामाचं. प्रत्येकाने माहितीतल्या एखाद्या आवाराचं सांडपाणी तपासून अहवाल द्यायचा आहे. मालकाची लेखी परवानगी लागते. मला आपलंच आवार घ्यायचं आहे. पिंपं धुतलेलं पाणी ज्या शोषखड्ड्यात जातं, त्यातलं दोन बाटल्या पाणी पाठवा. बाटल्या सोबत देते. गळ्यापर्यंत भरायच्या, आत बुडबुडा राहता कामा नये, आणि बर्फात ठेवून धाडायच्या.

खरं सांगायचं तर गुणांसाठी कुठलंही आवार चाललं असतं. पण खड्ड्यापासून हापसा वीस पावलांवर आहे, आणि मुकादमकाका नि धुणारी सगळी माणसं त्याचंच पाणी पितात. ते कसं आहे हे मला कळायला हवं. फोनवर विचारलं नाही, कारण महत्त्वाचं ते कागदावर, हा तुमचाच नियम.

आईला आणि आत्याला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपली,
खारूताई


१३ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, की पिंपं धुणं शिकायला एवढी फी कशाला भरायची, बापाने फुकट शिकवलं असतं. तुझी आई गालातल्या गालात हसली. घरात माझी किंमत काय ते यावरून समज.

भाड्याची हातगाडी आणि दोन पोचे आलेली पिंपं, एवढ्यावर मी हा धंदा उभा केला. रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून पाहिलेलं नाही. पिंपावर टिचकी मारली की आत किती उरलंय ते आवाजावरून सांगतो, आणि झाकण उघडलं की काय होतं ते वासावरून. तुझ्या मॅडमना सांग, की हे यंत्र सव्वीस वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेलं नाही. हापशाच्या पाण्याला ना वास, ना चव. मीही तेच पितो. मुकादम तर म्हणतो, त्याच पाण्यावर त्याच्या मिशा अशा ताठ राहिल्यात.

तरी लेकीचा हट्ट. बाटल्या सांगितल्याप्रमाणे भरून आपल्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतोय. परवानगीवर सही केली आहे, वळणदार केली आहे, वर्गात दाखवायला हरकत नाही. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
बाबा


२६ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाटल्या मिळाल्या, तपासल्या. इतकं स्वच्छ पाणी आमच्या प्रयोगशाळेने या वर्षी पाहिलेलं नाही. तेल नाही, आम्ल नाही, रंगाचा कण नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात, तेवढं मात्र सापडलं. मॅडम म्हणाल्या, या खड्ड्याचा पत्ता दे, पाहुणे आले की तिथूनच पाणी मागवू. वर्ग हसला. मीही हसले. नसते हसले तर सगळ्यांना कळलं असतं.

बाबा, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी आहे. मी चिडलेली नाही. गळकं पिंप तुम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात कधी मारलं नाहीत, मग माझ्याच का, एवढं मनात आलं. अहवाल दिलेला नाही. नमुना घेताना चूक झाली, असं मॅडमना सांगितलं. तेवढं खरंच आहे.

दोन वाटा आहेत. वर्गातल्या मैत्रिणीच्या मामांचा रंगाचा कारखाना आहे, ते तयार आहेत. मी तिथलं पाणी घेते, आणि आपल्या पाण्याविषयी पुन्हा विचारणार नाही. नाहीतर खड्ड्यातलं आणि हापशातलं, दोन्ही खरं पाणी पाठवा. मग आकडे येतील ते तुमच्या नावासकट लिहीन. वाईट निघाले तर अहवाल प्रदूषणाच्या सरकारी तपासणी खात्याकडे जातो, हेही आधीच सांगते. दहा तारखेपर्यंत मुदत आहे.

वासावर मात्र जाऊ नका. पाण्यात उतरलेलं थिनर थोडं असलं तर कोणाच्याच नाकाला कळत नाही.

उत्तर काहीही आलं तरी मी आहे ती आहेच.

आपली,
खारूताई


५ सप्टेंबर

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

नळाचंच होतं. खात्याची भीती नव्हती असं नाही, पण ती मागून आली. आधी मनात आलं ते हे, की ज्या धंद्यावर तू वाढलीस तो तुझ्याच वहीत नापास व्हायचा. ते काही सोसवेना. तोटी सोडली, बाटल्या भरल्या. आई बघत होती. तिला कळलं होतं.

काल खड्ड्यात बादली मी स्वतः सोडली. दोर मुकादमाने धरला. कशाला, म्हणून त्याने विचारलं, तेव्हा पहिल्या बाटल्यांसकट सगळं सांगितलं. त्याने दोराची गाठ सावकाश सोडवली. मग म्हणाला, की परीक्षेसाठी मालकांनी घरच्या नळाचं पाणी काढून दिलं, तसं इतकी वर्षं आम्हालाही प्यायला देता आलं असतं. आवाजात राग नव्हता.

दुपारी हापशाचा दांडा काढून कचेरीत आणून ठेवला. घरच्या नळाला पाइप जोडून तो आवारापर्यंत नेला आहे. पिंपं धुणं बंद. निकाल यायचा तो येवो, तोवर थांबणं बरं दिसेना.

चार बाटल्या पाठवतोय, दोन खड्ड्याच्या, दोन हापशाच्या. अहवालात नाव पूर्ण घाल, नुसती आद्याक्षरं नकोत.

तुझा,
बाबा


१९ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

खड्ड्याचं पाणी असायचं तसंच, घाण निघालं. हापशाच्या पाण्यात थिनर आहे, चालेल त्याच्या नऊपट. मी ती तपासणी तीन वेळा केली. आकडा हलला नाही.

अहवाल दिला. हे आवार कोणाचं, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा वडिलांचं म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं पान उलटलं.

सोबत डॉक्टरांसाठी चिठ्ठी जोडली आहे. पाण्यात काय काय सापडलं ते त्यात आहे. आवारातल्या अकराही जणांचं रक्त तपासून घ्या, यकृताची तपासणी विसरू नका. बारावे तुम्ही. मुकादमकाका सगळ्यांत जुने, त्यांना आधी न्या. ते टाळतील, तुम्ही ऐकू नका.

आईला जप म्हणावं. तुम्हीही जपा.

आपली,
खारूताई


२ ऑक्टोबर

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

बारा जणांची तपासणी झाली. नऊ जण ठीक. माझं आणि टेम्पोत माल चढवणाऱ्या एकाचं थोडं बिघडलंय, औषध चालू आहे. मुकादमाच्या यकृताला सूज आहे. डॉक्टर म्हणाले, की पाणी बंद झालं हे बरं झालं; पण पूर्ण उतरेल का, ते सहा महिन्यांनी सांगू. त्याला घरी विश्रांतीला बसवलंय, पगार चालू ठेवून.

खात्याचा साहेब येऊन गेला. तक्रार कोणाची, असं त्याने विचारलं. तक्रार नाही, नमुना मीच दिला, असं सांगितलं. त्याला ते लिहायला रकाना सापडेना. आवाराला टाळं लागलं आहे. खड्डा उपसून माती न्यायची, ती कुठे न्यायची हे तूच सांगायचं आहेस.

मुकादमाकडे रोज जातो. तो बसायला खुर्ची देतो, विचारलं तेवढं बोलतो. पूर्वी मला बोलू देत नसे. काल डॉक्टरांचा कागद त्याला समजावून सांगू लागलो, तर त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि घडी करून उशीखाली ठेवला. म्हणाला, की पोरगी कधी येणार ते सांगा. यात काय लिहिलंय ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय, मालकांच्या नको.

तेव्हा सुट्टी लागली की ये. आधी त्याच्याकडे जा, मग घरी. आईला तसं सांगून ठेवलं आहे, ती जेवायला थांबेल.

तुझा,
बाबा