तक्ता तीनमधलं शून्य

वाडीवरून, तालुका आष्टी

चि. डॉक्टर परमेश्वर यास कारभारी नानाचे पोटभर आशीर्वाद. ('चिरंजीव' आधी लिहावं की 'डॉक्टर' आधी, यातच अर्धा तास गेला. शेवटी जे वयानं आधी आलं ते आधी लिहिलं.) तुझी तब्येत बरी असेल, मेसचं जेवण सोसत असेल आणि ड्युट्यांमधून डोळ्याला डोळा लागत असेल, असं धरून चालतो. रिवाजाप्रमाणं इथं 'इकडील सर्व खुशाल' असं लिहायचं असतं. ते मी लिहिलं होतं, मग खोडलं. वर खाडाखोड दिसतेय ती त्याचीच आहे आणि तिच्याबद्दल मी माफी मागणार नाही.

फोन सोडून पत्र कावून लिहितोय, असं तुला वाटेल. एक तर तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर 'नाना, ऑपरेशनला चाललोय, व्हॉट्सॲपवर टाका' म्हणतोस. दुसरं म्हणजे दुखण्याबिखण्याचं काही फोनवर बोलायचं मी सोडून दिलंय. कावून सोडलं ते शेवटी सांगीन, तोवर हिंमत राहिली तर. मी दहावी नापास असलो तरी अक्षर चांगलं आहे, तेव्हा सगळं वाचायचं.

विषय तुझ्या मोठीमायच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, पोटाचा आहे. तुझ्या संशोधनाच्या छापील कागदात तिच्या दुखण्यापुढं शून्य मांडलंय, आणि इकडं तिला शेळीची धार काढायला खाली बसवत नाही. दोन्हीतलं एक खोटं आहे. शेळी तर काही छापत नाही, म्हणून मला कागदाचाच संशय आहे.

दोन वर्षांमागं तू नागपंचमीला आलास आणि तिच्या बेंबीजवळचा गोळा तुझ्या नजरेला पडला. तो काही त्या दिवशी उगवला नव्हता. आधी लिंबाएवढा होता, मग कांद्याएवढा झाला, आणि खोकला आला की ती पदराआडून हातानं दाबून धरायची. आम्हाला वाटायचं पदर सावरतेय. तू हात लावून बघितलंस आणि म्हणालास, हा हर्निया आहे, आतून जाळी बसवावी लागेल, आमच्याकडं फुकट होईल, आणि नाहीतरी माझ्या संशोधनाला बायका कमी पडतायत. (हे शेवटचं तू हळू बोललास, पण मेंढरांमागं फिरलेल्या माणसाचे कान तिखट असतात.) जाळी म्हटल्यावर ती घाबरली. मी समजावलं की आपण वाघर लावतो तसलाच हा प्रकार (तू विसरला असशील म्हणून सांगतो, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी), फक्त आत मेंढरांऐवजी आतडी. त्यावर ती म्हणाली, वाघरीला राखण लागते, पोटात राखणीला कोण बसणार? मी ते हसण्यावारी नेलं. तुमच्या त्या अकरा पानी संमतीपत्रात हा एक सवाल असता तर बरं झालं असतं.

त्या अकरा पानांचीही एक गंमत आहे. तुमच्या मोठ्या सरांनी ते मराठीत करून घेतलं होतं म्हणे, पण तसली मराठी बीड जिल्ह्यात कुणाच्या आईनं बोललेली नाही. त्यात होतं की दोन प्रकारच्या जाळ्या आहेत, एक जुनी जड आणि एक नवी हलकी, आणि कोणती मिळणार ते बंद पाकिटातून निघणार. मी तुला विचारलं, यातली चांगली कोणती? तू म्हणालास, "नाना, तेच तर शोधायचंय." हे मात्र मला पटलं. आमी बाजारात एडका घेताना दात बघतो, पाय बघतो, पण एडक्याला कुणी पाकीट उघडायला सांगत नाही. माणसाला निदान तेवढा मान आहे. पुढं असं की कोणती जाळी घातली ते तिलाही सांगायचं नाही आणि नंतर विचारपूस करणाऱ्यालाही सांगायचं नाही, म्हणजे मनात पाप येत नाही. शास्त्रात याला आंधळं ठेवणं म्हणतात, असं आपल्या योगितानं सांगितलं. (सून बीएस्सी असल्याचा हा फायदा.) मोठीमायनं सही येत असताना अंगठा दिला, कारण शाईची डबी जवळ होती आणि पेन मागायला तिला संकोच वाटला. समजलं का विचारल्यावर समजलं म्हणाली. तू इतका घाईत होतास, तुला परत सांगायला कुठं लावायचं!

ऑपरेशन झकास झालं, त्यात मला काही बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडची ती धनश्री ताई वॉर्डात आली. तिच्या हातात एक पट्टी होती, त्यावर एका टोकाला हसरं तोंड आणि दुसऱ्या टोकाला रडकं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं, आता सांगा किती? पोरगी गुणाची, दर खाटेपाशी तेच तितक्याच गोडीनं विचारत होती. मोठीमायनं विचारलं, दहा म्हणजे बाई केवढं? ती म्हणाली, बाळंतपणाएवढं समजा आजी. आता तुझ्या संजयदादाचा जन्म मेंढरं घेऊन चाललो असताना रानात झालेला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ती पुढच्या मुक्कामापर्यंत चालत आली. त्या मापानं तिनं मोजलं आणि सांगितलं, दोन. दारापाशी एक रिटायर मास्तर होते (त्यांची बायको वॉर्डात दाखल, हे नुसते भेटायला आलेले), त्यांना सहज कुणीतरी बीपी बघायला पट्टा बांधला तर ते सहा म्हणून ओरडले. ते कुणी लिहून घेतलं नाही, पण मापं किती परीची असतात ते मला तिथंच कळायला पाहिजे होतं. दोन सांगून झाल्यावर मोठीमायनं त्या पोरीला विचारलं, तू जेवलीस का. हाही आकडा कुठं लिहून घेतला नाही.

घरी आल्यावर सगळं ठीक चाललं. म्हणजे मला तसं वाटलं. ती भाकरी थापताना मधीच थांबायची, मला वाटायचं काही आठवतंय. शेळी ओट्यावर चढवून उभ्यानं धार काढायला लागली, मला वाटलं नवी पद्धत काढली. चारचौघांत मी त्या पद्धतीचं कौतुकही केलं. तू स्वतः दोन दिवाळ्या येऊन गेलास, तिच्या हातच्या करंज्या खाल्ल्यास. डॉक्टर तू दवाखान्यात असतोस, इथं आलास की तू पुतण्या. तुझे आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर गेले की सहा-सहा महिने तू तिच्याच चुलीपुढं बसून लहानाचा मोठा झालास, त्यामुळं जुन्या सवयीनं तू तिचा हात बघतोस तो फक्त वाढताना.

मग गेल्या महिन्यात आष्टीला तुझा सत्कार. समाजातला पहिला सर्जन, त्यात संशोधन छापून आलेलं, मंगल कार्यालय भरलेलं. मलाही फेटा बांधला. तू माईकवरून सांगितलंस की या अभ्यासात माझी स्वतःची मोठीमाय आहे, तिला हलकी जाळी निघाली, आणि सहा महिन्यांनी तिची वेदना शून्य. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग तिला साडी घ्यायला वर बोलावलं, तर ती खुर्चीतून लवकर उठेना. एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक पदराआड. लोकांना वाटलं म्हातारी लाजतेय, म्हणून आणखी टाळ्या वाजवल्या. बेट्या, तुझी वेदना शून्य तिथं पाच पायऱ्या चढत होती आणि सबंध समाज टाळ्या वाजवत होता.

येताना जीपमधून ती फाट्यावरच उतरली. म्हणाली, आत रस्ता खराब हाय, धक्के सोसवत न्हाईत, मी चालत येते. मी पण उतरलो. अर्ध्या वाटेत विचारलं, तुला दुखतंय काय गं? ती चालायची थांबली नाही. नुसतं म्हणाली, "आता इचारताय?"

मी तुला फोन लावला. आठव्या खेपेला लागला. तू म्हणालास, नाना, सहा महिन्याला शून्य होतं, म्हणजे जाळीचं नसणार, गॅस असेल, ओवा द्या. ओवा दिला. आष्टीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांना मोठ्या कौतुकानं तुझा कागद दाखवला, त्यात हिचं शून्य आहे म्हणून सांगितलं, ते कागद बघून म्हणाले, एवढ्या मोठ्या ठिकाणी शून्य लिहिलंय तर गॅसच असणार. त्यांनी गोळ्या दिल्या. म्हणजे बघ, बाई पुढ्यात पोट धरून उभी, पण साक्ष मानली ती कागदाची. तिच्याच नावावरचं शून्य तिच्यावर उलटलं.

मग योगितानं तो कागद मला पहिल्यापासून वाचून दाखवला. तक्ता तीन, हलकी जाळी, सहा महिने, सरासरी वेदना शून्याच्या वर थोडी, मोठीमायचं शून्य त्यातच मिसळलेलं. खाली निष्कर्ष, की या जाळीनं मागाहून दुखणं जवळपास राहत नाही. योगिता म्हणाली, मामंजी, हे बाहेरदेशीचे डॉक्टरसुद्धा वाचतात आणि त्यावरून ठरवतात. म्हणजे कुठल्या मुलखातल्या कुणाच्या मोठीमायला आपल्या वाडीवरच्या शून्याच्या जोरावर ती जाळी घालणार, आणि तिला दुखलं की तिलाही गॅसच म्हणणार! माझं डोकं फिरलं. तुमी एवढी पाकिटं सीलबंद केलीत, सगळ्यांच्या डोळ्यावर पट्ट्या बांधल्यात, हिशेब शून्याच्या पुढं दोन घरं नेलेत, आणि बाई खाली बसू शकते का एवढं बघायला एक माणूस धाडला नाही? कावून? एसटी इथवर येते की. मला तुझा लई राग आला होता, अजून आहे. तुझ्या मोठ्या सरांचा आहे, त्या मंगल कार्यालयाचा आहे, त्या फेट्याचा तर फारच आहे.

बाकी पाऊसपाणी बरं, करडं तीन झाली, त्यातलं एक लंगडं. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा चुलता,
कारभारी

ता. क. वर हिंमतीचं म्हटलं होतं. पत्र दोन दिवस पाकिटात घालून ठेवलं आणि आज पुन्हा काढलं. परमेश्वरा, ते शून्य मोठीमायनं सांगितलेलं नाही. घरातला फोन माझ्या खिशात असतो. घरी आल्यावर विचारपुशीचा धनश्री ताईचा पहिला फोन आला तेव्हा मी आष्टीच्या बाजारात बोकडाच्या सौद्यात होतो. एक हात उपरण्याखाली दलालाच्या हातात, बोटं दाबून भाव चाललेला, दुसऱ्या हातात फोन. ती विचारते, शून्य ते दहा, किती? बाजारात कुणी आकडा विचारला तर खरा सांगायचा नाही, हे जन्माचं वळण. मी म्हणालो, काही न्हाई, शून्य. दलालाला वाटलं त्यालाच म्हणालो, त्यानं हात काढून घेतला आणि सौदा मोडला. दुसरा फोन मांजरसुंब्याला धाब्यावर आला, मेंढरांची गाडी यायची होती. तिथंही शून्य, कारण मागच्या खेपेला शून्य सांगितलं होतं आणि माणसानं जबान बदलू नये. तिसरा सहाव्या महिन्यातला, जो तुझ्या तक्त्यात बसला. मी दारात बसलो होतो. ती माझ्यापासून पाच पावलांवर शेळी ओट्यावर चढवून उभ्यानं धार काढत होती. पोरीनं विचारलंसुद्धा, "आजोबा, आजींना फोन देता का?" मी म्हणालो, "ती कामात हाय, मीच सांगतो." तेव्हा वर ज्याला ज्याला शिव्या दिल्यात, त्यातल्या निम्म्या माझ्या नावावर लिही. सगळ्या नको, तू दोन दिवाळ्या करंज्या खाल्ल्यास.

ता. क. दुसरा. आता खरं काम. तू ये. रजा मिळत नाही वगैरे मला सांगू नको. मला काही विचारू नको, तिलाही 'कशी आहेस' विचारू नको, ती बरी आहे म्हणणार. तिला खाली बसायला सांग आणि बघ. नुसती जाळी नीट करून भागणार नाही, तक्ताही नीट कर. सरांना सांग की एका बाईचा आकडा तिच्या नवऱ्यानं दिला होता, आणि बाकीच्या बायकांच्या घरी फोन कुणाच्या खिशात असतो तेही एकदा विचारून घ्या. फेटा परत द्यावा लागला तर माझाही घेऊन जा. आणि या नंबरावर तिच्यासाठी फोन करू नको. योगितानं तिला आपला जुना मोबाईल दिलाय.

ता. क. तिसरा. योगितानं हे सगळं तिला वाचून दाखवलं. (तेवढ्या वेळात मी करडांना पाला टाकायला गेलतो.) ती म्हणते, सत्काराचं खोडा, पोराच्या जिवाला लागंल. ते मी खोडणार नाही. मग तिच्यापुढं बसून, धनश्री ताईसारखंच, विचारलं, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त, किती? तिनं लई वेळ लावला. मग म्हणाली, "सात लिवा. आन् त्याला म्हणावं, येताना जेवून येऊ नको." हे सात बाळंतपणाच्या मापातलं आहे, डॉक्टर. त्या मास्तरांच्या मापातलं नाही.