अण्णांची तालीम

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकली असशील. बावीस वर्षांत मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज हे बाड पाठवतोय. फोन चारदा उचलला आणि ठेवून दिला. तू ‘कसा आहेस रे बारक्या’ म्हणशील, मी ‘मजेत’ म्हणेन, आणि ते इतकं झकास म्हणेन की तू फसशील. शेवटी नट आहे ना मी! कागदावर ती सोय नाही. माझी ठकी शाळेतून यायच्या आत लिहून टाकायला हवं, नाहीतर माझा धीर सुटेल.

तर बातमी अशी, की नव्या नाटकात मला बापाचं काम मिळालंय. मुख्य काम! इतकी वर्षं पोस्टमन आणि शेजारी करून झाले, आता कुठे हे. हा बाप मुलीला मारतो. लेखकाने फक्त तेवढंच लिहिलंय, ‘बाप मारतो.’ कसा, ते नटाने शोधायचं. दिग्दर्शक म्हणाले, असा माणूस शोध, त्याची माहिती काढ, तो जगला कसा ते बघ. मी शहाण्यासारखी मान डोलावली. मनात म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?

म्हणून मी अण्णांच्या कारखान्यात गेलो. जिथे ते तीस वर्षं कापड कापत होते, ते लांबलचक टेबल अजून तसंच आहे. त्यांच्या शेजारी उभे राहणारे मास्तर आता थकलेत, पण भेटले. मला बघून त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाले, ‘तुझे वडील म्हणजे देवमाणूस! नव्या माणसाने अख्खं ठाण वाया घालवलं, तरी कधी आवाज चढवला नाही. उलट नकला करून आम्हाला हसवायचे.’ ताई, नकला! अण्णा! मी त्या माणसाला ओळखत नाही. तू तरी बघितलास का गं कधी? मग मास्तर बोलता बोलता म्हणाले, की कात्री हातात घ्यायच्या आधी ते न चुकता घड्याळ काढून फळीवर ठेवायचे. पट्ट्यात धागा अडकला की काप वाकडा जातो म्हणे. मला तिथल्याच स्टुलावर बसावं लागलं. घरी अण्णांचा हात घड्याळाकडे गेला की तू मला मागे ढकलायचीस, आठवतं? आपल्याला वाटायचं, घड्याळ फुटू नये म्हणून काढतात. तसं नव्हतं गं. ते कामाला लागायचे.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी तेच केलं. सावकाश घड्याळ काढलं, नीट ठेवलं, आणि वळलो. मुलीचं काम करणारी ती पोरगी खरंच दोन पावलं मागे सरली. दिग्दर्शक म्हणाले, ‘सापडला तुला!’ खोटं कशाला बोलू, मी शीळ वाजवत घरी आलो. पण रस्त्यातच शीळ थांबली. मला वाटत होतं, मारणाऱ्याच्या डोक्यात आग असते. माझं डोकं तेव्हा एकदम शांत होतं, ताई. आणि ते शांत होणं मला आवडलं होतं. तेव्हापासून मी घाबरलोय.

घाबरलो तरी थांबलो मात्र नाही. ही दोन महिने प्रशिक्षणासाठी परगावी, मग घरी संवाद पाठ करून घ्यायला कोण? ठकी. आठ वर्षांची झाली, माझ्या आधी तिचं पाठ होतं. मुलीची वाक्यं ती म्हणायची, मी चुकलो की मास्तरणीसारखी ओरडायची, ‘बाबा, घड्याळ विसरलास!’ माझा हात तिच्या गालापासून वीतभर लांब थांबायचा, आणि ती ‘मेले, मेले’ करत गादीवर पडून खिदळायची. मलाही गंमत वाटायची. घरातल्या पोरीला असलं खेळायला लावणाऱ्या बापाला काय म्हणावं? अक्कल गहाण टाकली होती मी.

गेल्या मंगळवारी सकाळी मला उशीर झाला होता. दप्तर भर म्हणून तिला तीनदा सांगितलं, तर ती गिरक्या घेत होती. कोपर लागून दुधाचा पेला माझ्या संहितेवर सांडला. बघितलं तर घड्याळ फळीवर होतं. ते मी कधी काढलं, शपथ सांगतो, मला आठवत नाही. तिनेही ते बघितलं आणि तिला वाटलं, तालीम सुरू झाली. पळत जाऊन भिंतीशी उभी राहिली आणि हसत हसत तिचं वाक्य म्हणाली, ‘पुन्हा नाही करणार, बाबा.’ माझा हात गालावर बसला तेव्हा ती हसतच होती.

ती रडली नाही. गाल धरून म्हणाली, ‘बाबा, हे नाटकात आहे का?’ आणि मी ‘हो’ म्हणालो. तेव्हापासून रोज शाळेतून आली की ती आरशासमोर उभी राहते आणि न हसता ते वाक्य म्हणून बघते. तिला वाटतं, तिचंच चुकलं. काल विचारत होती, ‘आता बरोबर येतंय का?’ काम मी सोडलंय, पण त्याने हे सुटेल असं वाटत नाही. अण्णांना कुठे नाटक होतं? ठकीच्या आईला आज फोन करून सगळं सांगणार आहे. तुझ्याकडे मागणं एवढंच, रविवारी ये. ते नाटकात नव्हतं, हे ठकीला मीच सांगेन, तुझ्यावर ढकलणार नाही. पण मी सांगत असेन तेव्हा तू तिच्या बाजूला बस, माझ्या नको. आणि मग तिला तुझ्याकडे घेऊन जा. मी रडलो, पाया पडलो, पुन्हा नाही करणार म्हणालो, तरी घेऊन जा.

तुझाच,
बारक्या