अंबाळची पाठ

तंजावूर, ६ ऑगस्ट २०२४

ती. स्व. वेंकटकाकांस,
हरिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांस ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॅपला तुम्ही हात लावत नाही, म्हणून तुम्हीच शिकवलेल्या बाळबोध अक्षरांत लिहीत आहे. चुका असतील. हसा, पण लाल शाईने सुधारून परत पाठवू नका.

राजवाड्यामागच्या माझ्या माडीवर काम जोरात आहे. परदेशातल्या एका कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी ड्रॅगन रंगवला. त्याची कातडी कशावरून घेतली सांगू? फणसावरून. फणस टेबलावर ठेवला, एका बाजूने दिवा लावला आणि काट्यांच्या सावल्या बघून रंगवलं. आई म्हणाली की तुझा राक्षस संपेपर्यंत फणस पिकून घरभर वास सुटला.

आता नवं काम आलंय. चेन्नईचे सतीशकुमार म्हणून कुणी आहेत. त्यांना एक चित्रकथा काढायची आहे: गावातल्या देवळातली देवी युद्धासाठी पीठावरून उठते. आणि त्यांना देवी हवी ती आपल्या घराण्याच्या देवळातल्या अंबाळसारखी! लहानपणी उत्सवात पाहिली होती म्हणे. चारी बाजूंनी रेखाटून द्यायची आहे. पुढच्या रविवारी मी ओरत्तनाडूला येते. देवळाचे पुजारी रामस्वामी गुरुक्कळांना सांगून अंबाळची साडी, हार, चंदन जरा वेळ उतरवून मिळेल का?

कामाक्षीकाकूंस नमस्कार. ताकातलं मोरकोळंबु माझ्यापुरतं तरी राखून ठेवायला सांगा.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.
हरिता


ओरत्तनाडु, १० ऑगस्ट २०२४

चि. हरितास,
वेंकटकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलें. ‘शि. सा. न.’ बरोबर लिहिलेंस, त्यातच मी खूष. राक्षसांची चित्रें काढून काढून शेवटीं अंबाळकडे वळलीस हें काकूस फार आवडलें. ती म्हणते, हिचें लग्न ठरण्याचा हा शकुन आहे. मी म्हटलें, तिचा फणस आधीं संपूं दे.

ये खुशाल. गुरुक्कळांशी बोललों आहे. मात्र एक गोष्ट मनास लागून राहिली. उत्सवात अंबाळचें फक्त मुख दिसतें. बाकी सगळी साडीत नि फुलांत. मग ह्या गृहस्थाने लहानपणीं पाहिलें काय? आणि गोष्टीच्या पुस्तकास देवीची पाठ कशाला हवी? तिची पाठ गुरुक्कळांखेरीज कुणी पाहिलेली नाहीं. मीदेखील जीर्णोद्धाराच्या वेळीं एकदाच पाहिली. त्या माणसाचें गांव कोणतें, आपलें देऊळ त्यास कुणी सांगितलें, एवढें विचार.

महसूल खात्यात जन्म गेला, म्हणून मी शंकेखोर. मनावर घेऊं नको.

आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर कळव.
वेंकटराव


तंजावूर, २ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकांस,
हरिताचा शि. सा. न. वि. वि.

त्या रविवारी तुमच्या शंकेला मी हसले होते. पात्र पुस्तकभर फिरतं, वळतं, म्हणून चित्रकार आधी त्याचं चारी बाजूंचं पान करून ठेवतो, असं तुम्हांला ऐटीत समजावलं. ते खोटं नव्हतं. घरी येऊन मी तिची मातीची प्रतिमाही केली. मूर्ती मातीत असली की दिवा कुठेही फिरवता येतो, सावली कुठे पडेल ते कळतं. वेणीचे ते तीन पेड पाठीवर कसे उतरतात! ज्याने घडवली त्याला ठाऊक होतं की हे कुणी बघणार नाही, तरी त्याने केलं. दोन दिवस मी दुसरं काही हातात घेतलं नाही.

पण काका, आता हसू येत नाही. मी गोष्ट मागितली तर ते म्हणतात, मागाहून पाठवतो. आणि विचारतात काय? उंची किती, पीठाची जाडी किती, उचलायला जड आहे का, खालच्या बाजूला काही खुणा आहेत का. चित्राला वजन लागत नाही. मोजमाप पंचधातूची मूर्ती ओतणाऱ्याला लागतं. स्वामिमलैच्या मूर्तिकारांकडे मेणाचा साचा करताना लोक हेच विचारतात, हे मी लहानपणापासून पाहतेय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारलं की आमचं देऊळ कुणी दाखवलं. ते सहज बोलून गेले, अनिरुद्ध सरांनी. आपला अनिरुद्ध अण्णा. कदाचित लग्नकार्यात कुठे ओळख झाली असेल, बहिणीचं कौतुक केलं असेल, एवढंच असेल. तुमचा मुलगा आहे, तुम्हीच विचारलेलं बरं. मी अजून एकही रेघ पाठवलेली नाही.

रागावलात तरी पत्र टाका.
हरिता


ओरत्तनाडु, ७ सप्टेंबर २०२४

कु. हरिता यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालें. अनिरुद्धास फोन लावून त्याच्या आईकडून विचारविलें. असा कुणी माणूस तो ओळखत नाहीं. तुम्ही दिवसभर एकट्या बसून राक्षस नि कारस्थानें रंगवितां, त्याचा परिणाम मनावर होत असावा. रंगवा. त्यात माझ्या मुलास ओढूं नये.

नवरात्रांत कोलूची बाहुल्यांची मांडणी काकू एकटीने करील. येण्याची तसदी घेऊं नये.

कळावें.
वेंकटराव


तंजावूर, २४ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकांस,
हरिताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला अहोजाहो केलंत त्याचं दुःख नंतर कधीतरी. आधी हे वाचा.

मी सतीशकुमारांना माझ्या कल्पनेतली देवी पाठवली. आठ हात, डोक्यावर देवळाच्या खांबांवरल्या सिंहमुखी याळीचा मुकुट, केस उडालेले. भाल्याची पकड जमेना म्हणून आरशासमोर छत्री धरून मी स्वतःच उभी राहिले होते. गोष्टीच्या माणसाला ती आवडायला हवी होती. त्यांनी फोन करून आवाज चढवला. हे नको, जशी आहे तशीच हवी, केसाइतकाही फरक नको म्हणाले. मी काम सोडलं असं सांगितलं.

परवा ते स्वतःच माडीवर आले, आणखी एका माणसाला घेऊन. फार गोड बोलले. आईने काफी दिली. तो दुसरा माणूस चित्रांकडे पाहतच नव्हता. ड्रॅगन नाही, समुद्र नाही. सरळ खिडकीतल्या मातीच्या अंबाळपाशी गेला आणि तिला पाठमोरी फिरवून अंगठ्याने वेणी मापू लागला. सतीशकुमार म्हणाले, चित्र राहू द्या, एवढी मातीची मूर्ती आम्हांला द्या. मी म्हटलं, कच्ची आहे, पॅक करून देते. तिला आत नेलं आणि ब्रश धुण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं. न भाजलेली माती किती वेळ टिकणार? ते दारात येऊन उभे राहिले तोवर वेणी विरघळली होती. दोघांपैकी कुणीच ओरडलं नाही. याचीच मला जास्त भीती वाटली. जाताना सतीशकुमारांनी आईला सांगितलं की मुलीला विश्रांतीची गरज आहे.

रेखाटनं मी घरात ठेवलेली नाहीत. अण्णाबद्दल मी चुकत असेन तर तुमच्या पायांवर डोकं ठेवीन. पण अंबाळला तेवढी जपा.

उत्तर नाही आलं तरी मी तुमचीच.
हरिता


ओरत्तनाडु, १८ ऑक्टोबर २०२४

चि. हरितास,
वेंकटकाकाचे अनेक आशीर्वाद. उत्तम म्हणण्याचें धैर्य होत नाहीं, तें तूं समजून घे.

तुझें पत्र वाचून मी घडी करून ठेवलें. काकूसही दाखविलें नाहीं. अनिरुद्ध नवरात्रास आला. आल्यापासून आईच्या मागें मागें, कोलूच्या पायऱ्या लावून दिल्या, प्रसादाच्या सुंडलसाठी हरभरे भिजविले. मला वाटूं लागलें, तूंच चुकलीस. मग सरस्वतीपूजेच्या सकाळीं तो गुरुक्कळांस म्हणाला की आज अभिषेकानंतर अंबाळस साडी नेसवायची घाई करूं नका, मला थोडे फोटो काढायचे आहेत, पाठीमागूनसुद्धा.

मी तेथेंच विचारलें, सतीशकुमार कोण? आधीं हसला. मग बाहेर मंडपांत येऊन हळूं आवाजांत समजावूं लागला, जसें लहान मुलास समजावतात. म्हणाला, दुसरी हुबेहूब तिच्या जागीं बसेल, गांवास काहीं कळणार नाहीं, कुणाची भक्ति कमी होणार नाहीं, आणि पाठ तर कुणी पाहतच नाहीं. त्यास काय मिळणार होतें तें मी विचारलें नाहीं. ऐकायचें नव्हतें.

देवळांत जाण्यासाठीं काढलेला शर्ट मी घातला आणि त्यास म्हटलें, चल. टाऊन बसने आम्ही बापलेक पोलिसांत गेलों. एका सीटवर बसलों होतों. तिकीट त्याने काढलें. काकू फाटकापर्यंत आली. साहेबांसमोर त्याने सगळें सांगितलें, तेवढें तरी केलें. सतीशकुमारास चेन्नईस धरलें. त्याजपाशीं आणखी दोन गांवच्या देवींचीं रेखाटनें निघालीं. त्या मूर्ति अजून जागेवर आहेत की नाहीं, तपास चालू आहे. तेथील चित्रकारांस तुझ्यासारखी शंका आली नसावी.

अनिरुद्ध जामिनावर घरींच आहे. माझ्यासमोर जेवत नाहीं. काकू त्याचें ताट मागच्या पडवींत नेते नि परत येऊन माझें वाढते. दोघांच्या ताटांत सारखेंच असतें, हें मी पाहिलें आहे.

तुजला एकच सांगायचें आहे, दुसऱ्या कुणास सांगतां येत नाहीं. देवळाची किल्ली आतां मी कमरेस लावतों. चाळीस वर्षें ती गुरुक्कळांपाशीं होती. मी मागितली तेव्हां त्यांनी काहीं न विचारतां दिली. पण दुसऱ्या दिवसापासून अंबाळपाशीं जातांना ते मला आधीं हांक मारतात, मीं पहावें म्हणून. काल अनिरुद्धास ताप होता. त्याने पाणी मागितलें. घरांत मी एकटाच. मी आधीं किल्ली चांचपली आणि मग तांब्या उचलला. त्याने तें पाहिलें.

पत्रांतून क्षमा मागण्याची रीत कुणी मला शिकविली नाहीं. तेव्हां येऊन जा. काकू वाट पाहते, मीही.

लोभ माझ्याकडून मोडला होता, तुझ्याकडून तरी अखंड असावा.
वेंकटराव