डॉक्टरांसमोरचं ‘नाही’

नाना,

सगळं बदललं ते परवा दुपारी, धुळ्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी तिला विचारलं, “काही ओढतेस का? सिगारेट, वेप, काहीही?” ती मास्कच्या आतून “नाही” म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. शेजारी तिची आई उभी. ती नजर मी कुठेही ओळखीन. तुमची होती ती. आणि मी गप्प बसलो, कारण अशा वेळी गप्प बसायचं हे मला तुम्हीच शिकवलंय.

जळगावला राहायचो तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये होतात तुम्ही. आत कापूस, काडी ओढायला बंदी, म्हणून फाटकाबाहेर भिंतीला टेकून विडी प्यायचात. डबा घेऊन मी तिथेच यायचो. डबा दिला की मुरमुऱ्याच्या भत्त्याची पुडी मिळायची, आणि वर, “मायले सांगू नको.” मी भत्ता खातोय, तुम्ही खोकताय, आणि दोघंही खूश. मग चौथीत असताना सरकारी दवाखाना. पायरीवरच तुम्ही विडीचं बंडल माझ्या चड्डीच्या खिशात कोंबलं. डॉक्टरांनी विचारलं, “विडी ओढता?” तुम्ही म्हणालात, “नही साहेब, कवयनी सोडी दिधी.” मायनं मान हलवली. खाटेवरून तुम्ही माझ्याकडे बघितलं, आणि मी खिशावर हात दाबून धरला. डॉक्टर म्हणाले, कापसाची धूळ असेल. नाना, त्या दिवशी खरं बोलला असतात तर वाचलाच असतात असं कोण छातीठोक सांगणार? पण डॉक्टरांना कशाशी झुंजायचंय तेवढं तरी कळलं असतं की नाही? कुणाची इज्जत जात होती तिथे? आम्हाला इज्जत नको होती, तुम्ही हवे होतात.

आता तिचं सांगतो. माझ्या वर्गातली. म्हणजे मी वर्गात होतो तेव्हा. मारवाडी घर, कापडाचं दुकान. घरात कांदा-लसूण येत नाही, पाणी उकळून गाळून पितात. आणि त्या घरातल्या मुलीच्या कंपासपेटीत, पेनांमध्ये, पेनासारखंच दिसणारं ते यंत्र. आंब्याच्या वासाचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भडकलो, तर हसायला लागली. “अरे, यात तंबाखू कुठंय? ना पान, ना राख. नुसती वाफ. सर्दी झाली की मम्मी घ्यायला लावते तशी. घरचा कुठला नियम मोडला मी?” तिला खरंच तसं वाटत होतं, नाना. तंबाखूला हात लावायचा नाही हे तिला पाळण्यातच शिकवलेलं, आणि त्याच तंबाखूचं निकोटिन विकणाऱ्या पोरांनी गोड पाण्यात घालून तिला पाजलं. तुमच्या विडीला निदान वास यायचा. माणूस लांबून ओळखायचा, नाक मुरडायचा, घरातले ओरडायचे. हिच्या अंगाला आंब्याचा वास यायचा, आणि मी येडा, त्या वासावर जीव टाकत होतो.

मग बघता बघता ती बदलली. सकाळी उठल्या उठल्या आधी तेच. तास संपायच्या आधीच पाय हलवायला लागायची, पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पळायची. पेपरच्या हॉलमध्ये हात थरथरायचे. गरब्यात सगळ्यांना दमवणारी पोरगी दुसऱ्या मजल्यावर जाताना कठड्याला धरून थांबायला लागली. सोड म्हटलं तर, “मनात आलं की सोडीन.” तुमचंच वाक्य! तुम्हा लोकांना कुठे एकत्र बसवून शिकवतात का हे?

कायद्याने बंदी आहे म्हणे याच्यावर. असेल. कॉलेजसमोरच्या दुकानात मोबाइलच्या कव्हरांमागे बंदी ठेवलेली असते, मागितली की मिळते. आमच्याच वर्गातला एक जण ती यंत्रं आणून मुलींना विकायचा. मी त्याला गाठलं. तो म्हणतो, “भो, तुले काय करनं शे? हवा शे ती, आंबानी हवा.” मी त्याला कॅन्टीनच्या दारातच हाणला. प्राचार्य म्हणाले, माफी माग, नाहीतर दाखला ने. मी म्हटलं, आधी त्याच्या बॅगेत काय आहे ते बघा. त्यांनी काही बघितलं नाही. मी दाखला घेतला. आणि ती? ती माझ्यावरच उखडली. “तुला कुणी सांगितली होती हिरोगिरी?” महिनाभर बोलली नाही. त्या महिन्यात तिने दुसरीकडून कसलं तरी स्वस्तातलं, बिनानावाचं आणलं. तरी मी रोज कॉलेजच्या फाटकासमोर उभा राहायचो. लाज नाही मला. म्हणूनच परवा ती फाटकाशी छाती धरून खाली बसली तेव्हा रिक्षात घालायला मी होतो.

फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढुरकी दिसतायत. डॉक्टर न्यूमोनिया धरून औषधं देतायत, ताप उतरत नाही, ऑक्सिजन वाढवलाय. काल त्यांनी तिच्या आईला परत विचारलं म्हणे, आणि ती माउली म्हणाली, “आमच्या घरात? डॉक्टरसाहेब, आमच्या सात पिढ्यांत नाही.” खोटं नाही बोलली बिचारी. तिला माहीतच नाही.

मी धुळ्याहून पळून गावी, घरी आलो. आज आखाजी. मायनं अक्षय्य तृतीयेची तुमच्या नावाची घागर भरलीय, वर डांगराचं फळ ठेवलंय, पुरणपोळी वाढलीय, आणि ताटाच्या कडेला विडीचं बंडल. दरवर्षी ठेवते. आज माझं डोकंच फिरलं. “माय, हिनीच खादं ना त्यास्ले!”

“त्यास्ले आवडे ना रे. वरीसमा एकच दिन. गयेल मानूसवर राग धरतस का कोनी?”

“मी धरस!” मी ओरडलो. आणि मग तिला सगळं सांगून टाकलं, दवाखाना, त्या मुलीची ती नजर, माझं गप्प बसणं. मायनं घागरीवरचं डांगर सरळ केलं. मग म्हणाली, “मी बी तवय मान हालाई ना. डॉक्टरसमोर त्यास्नी इज्जत जाई, आसं वाटनं माले.” उठली, ताटातलं बंडल उचललं आणि उकिरड्यावर टाकून आली. हात धुतले आणि मला म्हणाली, “तू आठे काय करी ऱ्हायना मंग?”

मुलीच्या आईला फोन लावून बघितला मघाशी. “बोल बेटा,” म्हणाली, इतक्या मायेने, की मी फोन ठेवून दिला. हे तोंडावरच सांगावं लागेल, आधी डॉक्टरांना, मग तिच्या आईला. मग काय होईल तेही ठाऊक आहे. तिचे वडील कॉलेज बंद करतील, स्थळं बघतील. आणि ती जरा बरी झाली की पहिलं विचारेल, कुणी सांगितलं? त्यानंतर माझं तोंड बघणार नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार? तुम्ही असतात तरी वाचला नसतात, खोकत हसला असतात. तरी एक सांगतो. ती वाचली, मग ती कुणाचीही झाली तरी चालेल, असं मोठ्या मनाचं बोलायला मला जमत नाही. नाही चालणार. मला ती माझीच हवी आहे, आणि आज मी जे करायला निघालोय त्याने ती माझी राहणार नाही. राग तुमच्यावरचा गेलेला नाही. पण त्या खाटेवरून तुम्ही माझ्याकडे का बघत होतात ते आज थोडं कळलं. भीती वाटत होती तुम्हाला. मलाही वाटतेय.

धुळ्याची गाडी येईल आता फाट्यावर. माय म्हणतेय, दोन घास खाऊन जा. बसलो तर उठणार नाही, माझी मला खात्री आहे. चप्पल घालतो, बाहेर पडतो, आणि मागे दार ओढून घेतो.