शिडाच्या पट्टीवरची खाच

गुरुवार, संत तुकाराम नगर

होडीची नवी पट्टी आज तळवड्याहून आणली. शिडाची दोरी जिला बांधलेली असते, ती कडी हिच्यावर सरकते. जुन्या पट्टीवर कडी मधेच एका खाचेत अडकायची, म्हणून तर नवी केली. आणि नवीवरही तिथेच खाच! म्हटलं, जुनीच घासूनपुसून माझ्या गळ्यात मारली.

तसाच परत गेलो. वर्कशॉपवाल्या जाधवभाऊंनी जुनी पट्टी काढून शेजारी ठेवली. खरंच दोन होत्या.

"सॅम्पलबरहुकूम केलीय राव. केसाचा फरक दाखवा."

"आणि ही खाच?"

"तुमच्यात होती, आमच्यात आली."

शास्त्रात याला बिंबप्रतिबिंबभाव म्हणतात. माणूस प्रामाणिक निघाला, हीच पंचाईत. लबाड असता तर भांडता आलं असतं. वर म्हणतात, "भरून देतो, कळणारही नाही." कळणार नाही म्हणजे काय? मला कळायला हवंय ना!

रविवारी लेक इरा पवना धरणावर पहिल्यांदाच एकटी होडी नेणार. भरलेलं निघालं, वाऱ्याचा झोत आला आणि कडी त्या खाचेत अडकली, तर शीड सैल होणार नाही, होडी कलंडेल. कडी छर्‍यांवर अलगद सरकते ती बेअरिंगची तयार पट्टी मीच नाकारली होती. एवढ्याशा होडीला कशाला, म्हणालो होतो.

जेवताना इरा म्हणाली, "बाबा, भाऊंवर घेतलास तेवढा संशय आधी स्वतःच्या सॅम्पलवर घ्यायचास."

बेअरिंगची मागवली. रविवारपर्यंत येईल यावर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून तिला बजावलं: नाही आली तर तू काठावर. रुसलीय.

रुसू दे. कोरडी राहून रुसेल.