तीन मतांची सुटका

आमदार जनीनबाई कोवाल्ड यांना,

तुम्ही माझ्या नवऱ्याला तीन मतांनी पाडलंत. फेरमोजणीचा निकाल लागला तेव्हा मी टाऊन हॉलमध्ये ढसाढसा रडले आणि तुम्ही मला जवळ घेतलंत. ते रडणं दुःखाचं नव्हतं, बाई.

तेवीस वर्षं मर्व आमदार होता. जत्रेत केकला बक्षीस द्यायला हा, मेंढ्यांच्या लिलावाला हा, अनोळखी माणसाच्या मयतीलाही हाच. आमच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार आणली, तर हा सुटाबुटात खड्डा बघायला गेला!

मतदानाच्या दिवशी छातीवर मर्वचा बिल्ला लावून मी मतदान केंद्राच्या शाळेच्या फाटकाशी मतदारांसाठी सॉसेज भाजत होते. मग आत गेले. नियमाप्रमाणे चारही उमेदवारांपुढे पसंतीचे क्रमांक लिहिले. तुमच्यापुढे एक, नवऱ्यापुढे दोन. अंक अगदी स्वच्छ काढला.

काल जेवताना कुणाचातरी तक्रारीचा फोन आला. मर्वने तुमचा नंबर सांगून फोन ठेवला आणि कित्येक वर्षांनी मटण गरम असताना खाल्लं. मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

त्याने ताटली बाजूला सारली. म्हणाला, "ग्लेनिस, मला वाटलं, कळलं तर तू मला घराबाहेर काढशील. अगं, मीपण तिलाच एक नंबर दिलाय."

आम्ही इतके हसलो की कुत्रं भुंकायला लागलं.

हे पत्र मात्र मी पाठवणार नाही. तुम्ही भल्या बाई आहात. वाचून जागा परत द्यायला निघालात तर?

तुमचीच मतदार,
ग्लेनिस टिलब्रूक