पोळीला मराठीच कळतं

३ जाने., शनि.
कडाक्याची थंडी. पोळीने दूध नुसतं हुंगलं नि तोंड फिरवलं. मागचे पाय ओढते. गेटपर्यंत गेली, परत फिरली.
आली त्याच दिवशी ओट्यावरची पोळी पळवली, म्हणून कुमुदने हे नाव ठेवलं. अख्खी दर्पण कॉलनी तिला पॉली म्हणते. म्हणेनात का!

५ जाने., सोम.
शिखा वैतागली. "पापाजी, ये तो हिंदी समझती ही नहीं!" सूनबाईचं खरं आहे. कुमुदचा नियमच होता, कुत्रीशी मराठीतच बोलायचं. "नितीन गेला हिंदीत, हिला तरी राखू." ये, दे, थांब, बस. सगळं तिने शिकवलं.
त्यातला 'बस' तेवढा दोन्हीकडचा. शिखा फोनवर आईला "बस मम्मी, बस!" म्हणाली की ही बया असेल तिथे बूड टेकवायची. कुमुद हसून हसून डोळे पुसायची.
आता घरात दिवसभर मराठी बोलणारे दोघंच. मी बोलतो, ती ऐकते.

८ जाने., गुरु.
थाटीपुरला डॉक्टरांकडे नेली. किडन्या गेल्यात म्हणाले. सलाईन लावलं. सुई टोचणाऱ्याचा हात चाटत होती, वेडी.
येताना गाडीत नितीन म्हणाला, "बाबा, लोक पाळतात कशाला? बाद में यही रोना." मी खेकसलो, "पुढे बघून गाडी चालव." त्याला काय कळणार!
कुमुद गेली तेव्हा तेरावं झालं नि सगळे आपापल्या कामाला गेले. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून. हिने पट्टा आणून पायाशी टाकला. तीही दोन दिवस जेवली नव्हती, पण तिला बाहेर जायचं होतं. मग काय, घातल्या चपला. तेव्हापासून रोज सकाळी उठतो तो हिच्यामुळे. बीपीचे डॉक्टर म्हणतात, अंकलजी, वॉक बढ़िया चल रहा है। वॉक मी कुठला करतोय, ती मला फिरवते.
फिरवायची.

११ जाने., रवि.
पाण्याशिवाय काही नाही. पट्टा खुंटीवरच. मी एकटा चौकापर्यंत जाऊन आलो. वाटेत तिघांनी विचारलं, "पॉली कहाँ है?" माझी चौकशी एकानेही नाही केली.

१४ जाने., बुध.
संक्रांत. शिखाने गुळाच्या पोळ्या केल्या, कुमुदसारख्या करायला गेली. दगड झाल्या. चांगल्या झाल्यात म्हटलं.
दुपारी आतून आवाज आला, "पोळी, खा ना गं बाळा. थोडंसं खा." मला वाटलं भास झाला. बघतो तर शिखा फरशीवर बसून तिला तुकडा भरवते आहे. इतकं शुद्ध मराठी हिने कधी उचललं? मला म्हणाली, "मम्मीजी ऐसे ही बोलती थीं ना?" मी खोकल्याचं निमित्त करून अंगणात गेलो.
पोळीने तुकडा नुसता चाटला.

१७ जाने., शनि.
पुन्हा थाटीपुर. टेबलावर नुसती पडून होती, डोळेही उघडेना. डॉक्टरांनी मला बाजूला नाही घेतलं, तिथेच म्हणाले, "बस, अंकलजी. अब बस कीजिए। इसे जाने दीजिए।"
पोळीने ऐकलं. पुढचे पाय थरथरायला लागले. उठून बसायला बघत होती. गुळगुळीत टेबल, पाय घसरायचे, पुन्हा रोवायची.
"नको गं, नको बसूस. पड, पड माझी बाई."
डॉक्टर बघतच राहिले. त्यांना काय समजावणार? घरी घेऊन आलो.

१८ जाने., रवि.
तिला त्रास होतोय, दिसतंय मला. कुमुद असती तर शेवटच्या इंजेक्शनचं तिने ठरवलं असतं. मला जमत नाही. ही गेली की मी बोलायचं कोणाशी, हेच डोक्यात येतं, नि स्वतःचीच लाज वाटते.
दुपारी शिखा फोन घेऊन आली. "डॉक्टर साहब हैं. पूछ रहे हैं, शाम को आएँ क्या?"
"थांब," मी म्हटलं.
शिखा थांबली. गोधडीवरून पोळीने मान उचलली नि माझ्याकडे बघत राहिली.